नक्कल झाली, प्रश्न राहिला

जून २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या लाखो फोनवर एका आमदारांचा आवाज पोहोचला. एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांपैकी एक, सांगोल्याचे शहाजीबापू पाटील, गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या कार्यकर्त्याशी बोलत होते. तिथली झाडी, डोंगार, हाटील यांचं त्यांनी अस्सल माणदेशी बोलीत वर्णन केलं आणि दोन दिवसांत त्या संभाषणाची गाणी झाली, नाच झाले, टी-शर्ट निघाले. दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांतही ते वाक्य फिरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी, हे आमदार पैसे घेऊन फुटल्याचा आरोप करत, ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’ अशी घोषणा दिली. तीही शाळकरी पोरांच्या तोंडी गेली.

गुवाहाटीच्या त्या मुक्कामामागे पक्षांतरबंदी कायद्याचा मोठा पेच होता. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत पूर्वी एकतृतीयांश आमदार फुटले तर सवलत मिळत असे. २००३ मधल्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढून टाकली आणि दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने विलीनीकरण एवढीच वाट उरली. मग फुटलेल्या गटाचं काय होणार, प्रतोद कुणाचा, अपात्रता कोण ठरवणार? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ रोजी आला आणि विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी. दीड वर्ष चाललेल्या या प्रकरणातली झाडी आणि डोंगार आज कुणालाही विचारा, लगेच आठवतील. दहावी अनुसूची सांगू शकणारा तरुण मात्र शोधावा लागेल.

तरुण आणि राजकीय विनोद यांच्या नात्याचा प्रश्न इथेच आहे. पुढाऱ्यांवर हसल्याने मुलं बिघडतात की शहाणी होतात, असा वाद जगभर चालतो. त्याआधी ती नेमकी कशावर हसतात हे पाहायला हवं. पुढाऱ्याच्या आवाजावर, चालण्यावर, टोपीवर हसणं वेगळं आणि त्याच्या निर्णयावर हसणं वेगळं. मराठी पडद्यावर पहिला प्रकार भरपूर आहे, दुसरा जवळजवळ संपला आहे.

कोल्हापुरातली राजारामपुरी हे पडताळून पाहण्यासाठी चांगली जागा आहे. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, दुकानांनी गजबजलेला मुख्य रस्ता, जनता बझार चौक आणि थोड्याच अंतरावर शिवाजी विद्यापीठ. शिकायला आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करायला जिल्ह्यातल्या आणि सीमाभागातल्या गावांतून आलेली मुलं-मुली या भागात भाड्याच्या खोल्यांतून राहतात. अशा खोलीत टीव्ही क्वचितच असतो. विनोदी कार्यक्रम त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी येतो, मेसमध्ये जेवताना, समोर टेकवलेल्या फोनवर. दोन मिनिटांच्या त्या तुकड्यात नक्कल मावते, निर्णयाची गोष्ट मावत नाही.

याच परिसरातल्या गणेश मंडळांचे तांत्रिक देखावे शहरभर नावाजलेले आहेत. कोल्हापूरच्या इतर भागांत सजीव देखाव्यांची परंपरा आहे. गल्लीतली पोरंच नट होतात, रस्त्यावर रांग लावून आलेल्या लोकांसमोर भ्रष्टाचार, शेतकऱ्यांची दैना, पाणी, व्यसन यांवर दहा-पंधरा मिनिटांचा खेळ करतात. पुढारी टेबलाखालून पैसे घेतो आणि प्रेक्षकांत उभा असलेला खराखुरा नगरसेवक तो प्रसंग बघत असतो. राजकीय विनोद इथे कुठल्या वाहिनीने आणलेला नाही.

त्याची मुळं जुनी आहेत. सत्यशोधकी जलशांनी भटशाहीची आणि सावकारीची थट्टा गावोगावी नेली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊंच्या वगांची नावंच पाहा, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’. दौरा, इलेक्शन, घोटाळा, म्हणजे सत्ता कशी चालते तेच त्यात आहे. त्या वेळच्या सरकारला हे झोंबलं आणि बंदीचे हुकूम निघाले. कलापथकाने तमाशाचं लोकनाट्य केलं आणि खेळ चालू ठेवले.

पुढे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशी माणसं आली. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ निळूभाऊंनी गाजवलं. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादांचा हवालदार त्या आठवड्याची राजकीय बातमी ऐन प्रयोगात घुसवायचा. त्यामुळे एकच नाटक लोक पुन्हा पुन्हा बघायला जात. वगाची रचनाच यासाठी सोयीची आहे. राजा मूर्ख, प्रधान लबाड, हवालदार लाचखाऊ आणि समोर सोंगाड्या. सोंगाड्या भोळेपणाचा आव आणून एकेक प्रश्न विचारत जातो आणि प्रत्येक उत्तरागणिक राजाचा कारभार उघडा पडतो. शेतकरी, हमाल, गिरणी कामगार, शाळा सुटलेला पोरगा, सगळ्यांना कळेल अशा भाषेत हे चालायचं. राजकारणाचं यापेक्षा चांगलं लोकशिक्षण महाराष्ट्रात क्वचितच झालं असेल.

मग दूरचित्रवाणी आली आणि सोंगाड्याचं काम हळूहळू बदललं.

हिंदीत सुरुवात तर दमदार होती. दूरदर्शन सरकारी असूनही १९८८ मध्ये ओम पुरींचं ‘कक्काजी कहिन’ आणि १९८९ मध्ये जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ तिथे झाला. भट्टींनी कंत्राटदार, टेलिफोन खातं, सरकारी डॉक्टर असे विषय घेतले, व्यवस्थेचे. मराठीत ऑगस्ट २०१४ मध्ये झी मराठीवर ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं. नीलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे यांनी दशकभर घराघरांत हसू नेलं. २०१८ पासून सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने मराठी प्रहसनाचा दर्जा पुन्हा वर नेला. समीर चौघुले, विशाखा सुभेदार, गौरव मोरे यांच्या अभिनयाला तोड नाही. पण या प्रहसनांचं जग बहुतेक वेळा घर, चाळ, लग्न, ऑफिस, सासर-माहेर एवढंच असतं. पुढारी आलाच तर लकबीपुरता, पांढरे कपडे, जाड आवाज, हात जोडणं. त्याने कुठल्या जमिनीचं आरक्षण उठवलं, कुठल्या कारखान्याचं कर्ज थकवलं, हे त्या प्रहसनात येत नाही.

यात कलाकारांचा दोष काढणं सोपं आणि अन्यायाचं आहे. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखालच्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. व्यक्तीची बदनामी करणारा मजकूर, राष्ट्रपती आणि न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे, अशा अनेक गोष्टी तिथे निषिद्ध आहेत. शब्द इतके सैल आहेत की सावध वाहिनी आधीच कात्री लावते. २०१७ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मध्ये राजस्थानच्या श्याम रंगीलाने नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांची नक्कल केली. तिचं चित्रीकरण झालं, पण ती प्रसारित झाली नाही. लोकांनी ती इंटरनेटवर पाहिली. म्हणजे निरुपद्रवी नक्कलसुद्धा वाहिनीला जड झाली.

जे टीव्हीवर मावेना ते फोनवर गेलं. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी भारतीय डिजिटल पार्टी, म्हणजे ‘भाडिपा’, सुरू केली. शहरी मराठी तरुणाला आपल्या भाषेतला, आपल्या घरातला विनोद तिथे पहिल्यांदा मिळाला. त्यांच्याच ‘विषय खोल’ या वाहिनीने राजकारणातले किचकट मुद्दे सोपे करून सांगण्याचं काम हाती घेतलं. रॅप गाणारी पोरंही पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये खोक्यांवरचं रॅप केल्याबद्दल राज मुंगासे या तरुणावर गुन्हा दाखल झाला.

मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराने मुंबईत खारच्या हॅबिटॅट या छोट्या सभागृहात केलेल्या कार्यक्रमाची चित्रफीत आली. एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्याने एकनाथ शिंदे यांचं नाव न घेता विडंबन गायलं होतं. २३ मार्चच्या रात्री शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी त्या सभागृहाची तोडफोड केली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक तिथे हातोडे घेऊन पोहोचलं. कामरावर गुन्हा नोंदवला गेला. २५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या अटकेला स्थगिती दिली. हे सारं वीस वर्षांच्या मुलामुलींनी आपल्या फोनवर पाहिलं. विनोदापेक्षा मोडलेल्या खुर्च्यांनी त्यांना जास्त शिकवलं असेल, ही काळजीची गोष्ट आहे.

राजारामपुरीला तर हे दुरून पाहावं लागत नाही. इथून जवळच्या सागरमाळ परिसरात कॉम्रेड गोविंद पानसरे राहत. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून घरी परतताना त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडण्यात आल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्या गुन्ह्याची नोंद राजारामपुरी पोलीस ठाण्यात आहे. पानसरे विनोदी लेखक नव्हते, पण ‘शिवाजी कोण होता?’ मध्ये त्यांनी वापरलेली पद्धत सोंगाड्याच्या जवळची होती. साध्या भाषेत एकामागून एक प्रश्न. इथल्या तरुणाला प्रश्न विचारण्याची किंमत पाठ्यपुस्तकात वाचावी लागत नाही.

राजकीय विनोद बघून तरुणांच्या मनात प्रत्यक्षात काय बदलतं, यावर अमेरिकेत बरंच काम झालं आहे. जॉन स्टुअर्ट यांनी १९९९ ते २०१५ या काळात ‘द डेली शो’ चालवला. बातमीपत्राच्या वेशात बातम्यांचीच थट्टा, असं त्याचं रूप होतं. जानेवारी २००४ मध्ये प्यू या संस्थेने केलेल्या पाहणीत तिशीच्या आतल्या २१ टक्के लोकांनी सांगितलं, की निवडणुकीची माहिती आपल्याला विनोदी कार्यक्रमांतून नियमित मिळते. मोठ्या वाहिन्यांच्या बातम्यांचं नाव घेणारे होते २३ टक्के. चार वर्षांपूर्वी हेच आकडे ९ आणि ३९ होते. बातम्यांनी गमावलेल्या तरुणांपैकी बरेच जण विदूषकाने मिळवले.

जाणत्यांनी कपाळाला हात लावला. पण त्याच वर्षी अ‍ॅननबर्ग केंद्राच्या निवडणूक पाहणीत राजकारणावर सहा प्रश्न विचारले गेले, तेव्हा रात्रीचे विनोदी कार्यक्रम न बघणाऱ्यांची सरासरी २.६२ बरोबर उत्तरांची निघाली आणि ‘डेली शो’ बघणाऱ्यांची ३.५९. विनोद कळायला आधी थोडी माहिती लागते, त्यामुळे माहितगार लोकच तो बघत असतील, हा आक्षेप रास्त आहे. तरीही हसणारा अडाणी असतो, हा समज तिथे टिकला नाही.

२००६ मध्ये जोडी बॉमगार्टनर आणि जोनाथन मॉरिस या अभ्यासकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मात्र विचार करायला लावतो. ‘डेली शो’चे भाग पाहिल्यावर मुलांचं बुश आणि केरी या दोन्ही उमेदवारांबद्दलचं मत घसरलं. निवडणूक व्यवस्था आणि माध्यमं यांच्यावरचा विश्वास कमी झाला. पण आपल्याला राजकारण कळतं, हा आत्मविश्वास वाढला. मग अशी मुलं मतदानाला जातात की ‘सगळे सारखेच’ म्हणून घरी बसतात? २००९ मध्ये लिंडसे हॉफमन आणि टिफनी थॉमसन यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास केला. रात्रीचे विनोदी कार्यक्रम बघणाऱ्या मुलांचा सार्वजनिक कामांतला सहभाग वाढलेला दिसला आणि त्यामागे पुन्हा तोच आत्मविश्वास होता.

त्याच वर्षीचा तिसरा अभ्यास आपल्याकडे फार उपयोगी आहे. स्टीफन कोल्बेर कडव्या उजव्या निवेदकाचं सोंग घेऊन कार्यक्रम करत. हीदर लामार आणि सहकाऱ्यांना दिसलं, की उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोघांनाही तो तितकाच विनोदी वाटत होता. पण पुराणमतवादी प्रेक्षकांना वाटत होतं, की हा माणूस थट्टेचं फक्त नाटक करतोय, बोलतोय ते मनापासूनच. एकच विनोद दोघांनी आपापल्या सोयीने घेतला. महाराष्ट्रात दोन गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चित्रफीत फिरते आणि दोन्हीकडे हसतात, तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

आता कोल्हापूर. अविश्वास वाढला की मतदान घटतं, हे गणित इथे लागू पडत नाही. २०२४ च्या लोकसभेला राज्यात सुमारे ६१ टक्के मतदान झालं, कोल्हापुरात ७१ टक्क्यांच्या पुढे. त्याच वर्षी विधानसभेला करवीर मतदारसंघाने ८४ टक्के ओलांडले. राजकारण हा इथला नाद आहे. साखर कारखाना, गोकुळ दूध संघ, बाजार समिती, तालीम मंडळ, प्रत्येक ठिकाणी गट आणि प्रत्येक गटाचा शेलका शब्द. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटील यांच्या गटाने आणलेले ‘आमचं ठरलंय’ हे दोन शब्द राज्यभर गेले. इथल्या पोराला पुढाऱ्यावर हसायला वाहिनीची गरज नाही, कट्ट्यावर ते रोज चालतं.

पण नाद आणि सहभाग यांच्यात एक मोठी फट पडली आहे. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी प्रत्यक्षात त्या लांबत राहिल्या. कोल्हापूर महापालिकेची निवडणूक नोव्हेंबर २०१५ मध्ये झाली, सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली पाच वर्षं प्रशासकांचा कारभार. २०१५ मध्ये आठ वर्षांचं असलेलं राजारामपुरीतलं मूल आपल्या पहिल्याच नगरसेवकाला मत देईपर्यंत अठरा वर्षांचं झालं. वॉर्डसभा, अंदाजपत्रक, महासभेतली खडाजंगी यांतलं काही त्याने कळत्या वयात पाहिलेलं नाही. त्याने पाहिले ते मीम. त्याच्या वाट्याला राजकारणाची नक्कल आधी आली आणि राजकारण नंतर. देशभरातही चित्र काळजीचं आहे. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांच्या पात्र तरुणांपैकी निम्म्याहून कमी जणांची नावं मतदार यादीत होती.

निर्णयावरचा विनोद कसा असतो, याचा नमुना कोल्बेर यांनीच दाखवला. अमेरिकेत उद्योगपती निवडणुकीत अमर्याद पैसा कसा ओततात, हा अत्यंत रटाळ विषय होता. २०११ मध्ये त्यांनी निवडणूक आयोगाची रीतसर परवानगी घेऊन स्वतःच तशी एक निधी-संस्था काढली. वकिलाला कार्यक्रमात बोलावून एकेक पळवाट प्रेक्षकांसमोर वापरली आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की या किचकट कायद्याची माहिती त्या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांना बातम्यांच्या प्रेक्षकांपेक्षा जास्त झाली होती. सोंगाड्याने भोळेपणाने राजाचा कारभार स्वतःच करून दाखवला, असंच हे होतं.

मराठीत विषयांची वाण नाही. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०१४ मध्ये सुरू होऊन तिचं पाणी कोल्हापुरात नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. मधल्या वर्षांत किती मुदती उलटल्या, किती दिवाळ्यांना पाण्याचा शब्द दिला गेला, हे सारं छापील नोंदींत आहे. १९७२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून पन्नास वर्षांत शहराची हद्द वाढली नाही. कुणाला ती हवी आहे, कुणाला नको आणि दोघांच्या मागे कोणता हिशेब आहे, यावर लोकनाट्याचा एक पूर्ण वग उभा राहील. पंचगंगेचं प्रदूषण, उसाचा दर, पुराची भरपाई आहेच. हे विषय प्रत्येक घराला ठाऊक आहेत, म्हणून विनोदाला लागणारी पूर्वतयारी प्रेक्षकाकडे आधीच आहे. लेखकाला हवा आहे तो वेळ आणि हवं आहे ते संरक्षण.

हे करू शकणारी मुलं कोल्हापुरात तयारही होत आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दरवर्षी लघुनाटिका, मूकनाट्य, नकला, एकांकिका यांच्या स्पर्धा होतात. कोल्हापूर, सांगली, सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतली मुलं शेतातून, हॉस्टेलमधून तालमीला येतात, संहिता स्वतः लिहितात. पाणी, परीक्षांची पेपरफुटी, रखडलेली भरती असे त्यांच्या जगण्यातले विषय त्या संहितांत येतात. देशपातळीवरच्या आंतरविद्यापीठ महोत्सवाच्या नियमावलीत लघुनाटिकेला जास्तीत जास्त सहा कलाकार आणि दहा मिनिटं दिली आहेत. बोचरे टोमणे टाळावेत, केवळ निरागस उपहास अपेक्षित आहे, असंही तिथे म्हटलं आहे. ही अट काढून टाकली पाहिजे. विद्यापीठाच्या रंगमंचावर वीस वर्षांच्या मुलीने खरा निर्णय, खऱ्या तारखेसह घेऊन त्यावर बोचरा प्रश्न विचारला, तर तिच्या पाठीशी प्राध्यापक, परीक्षक आणि कुलगुरू उभे राहिले पाहिजेत. वाहिन्यांच्या कार्यकारी निर्मात्यांनी नव्या लेखकांच्या शोधात या महोत्सवांना जरूर यावं आणि येताना नकलांच्या स्पर्धेआधी लघुनाटिकांच्या स्पर्धेला बसावं.